पाण्यात उतरलेल्या बायका

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या एका निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला 'आपत्ती आणि स्त्रिया' या विषयावर बोलायला सांगितलं आहे आणि मी बोलणार आहे एका सहलीबद्दल. विषय चुकलेला नाही. थोडा धीर धरलात तर दोन्हींचा संबंध तुमच्या लक्षात येईल.

आधी एक वाक्य सांगते. 'त्या बाईनं विहिरीत उडी मारली.' हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय आलं? ती पोहायला गेली असेल, असं इथल्या एकीच्या तरी मनात आलं का? आता दुसरं वाक्य. 'पोरानं विहिरीत उडी मारली.' लगेच डोळ्यासमोर येतो उन्हाळा, कमरेला बांधलेला डबा, काठावरून मारलेला सूर आणि मुटका, वर उडालेलं पाणी. विहीर तीच, उडीही तीच. पोराची असली की खेळ, बाईची असली की पंचनामा. 'पाय घसरून पडली' असं लिहिलेले कागद आमच्या सल्ला केंद्रात मी इतके वाचले आहेत, की आता विहीर दिसली तरी माझं लक्ष आधी तिच्या काठाकडे जातं.

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या गावांमध्ये काम करते. आमच्याकडे नदी घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. आमच्या बायका आयुष्यभर पाणी वाहतात. घागरीनं वाहतात, कळशीनं वाहतात, नदीवर धुणं धुतात, गुडघाभर पाण्यात उभं राहून गोधड्या आपटतात. पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांना काही करता येत नाही. त्यांच्या मुलांना येतं, नवऱ्यांना येतं. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या टाकणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांत पोरगी पाहिलीत का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि लहान मुलं जास्त होती. त्यांना पोहता येत असतं तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. पुराच्या ओढीत पट्टीचा पोहणाराही जातो. पण नंतर छावणीत बायकांच्यात बसलो असताना एकजण म्हणाली, "ताई, पाण्यात पडल्यावर हात हलवायचे की नाही, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २००४ च्या सुनामीत इंडोनेशियात, श्रीलंकेत, तमिळनाडूत अनेक गावांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त बायका गेल्या. ऑक्सफॅमनं २००५ मध्ये त्याची कारणं मांडली होती. काही पुरुष त्या वेळी घराबाहेर किंवा समुद्रात दूर होते, बायका किनाऱ्यावर आणि घरात होत्या, मुलांना शोधायला मागे राहिल्या. आणि पोहणं, झाडावर चढणं ही मुलग्यांना शिकवायची गोष्ट होती, मुलींना नाही. म्हणजे लाट निसर्गाची होती, पण कोण वर येणार आणि कोण नाही, याचा काही भाग लहानपणीच ठरून गेला होता.

तर आम्ही ठरवलं, पोहायला शिकायचं. ठरवणं सोपं होतं.

पहिल्यांदा शहरातल्या एका तलावावर गेलो. बायकांसाठी वेळ होती दुपारची. त्या वेळी आमच्या बायका शेतात, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी भांड्यांवर. पोशाख हवा तो ठरलेलाच. शिकवणारा पुरुष. फी ऐकून दोघी तिथूनच परत फिरल्या. मग टाळेबंदी आली, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका अंगणवाडीताईच्या ओळखीनं एक पायऱ्यांची विहीर मिळाली. दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी विहीरमालकाच्या घरातून विचारणा झाली, "सगळ्याच उतरणार का?" या 'सगळ्याच' शब्दाचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगायला नको. आमच्या गटात मराठा आहेत, धनगर आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याला एवढी वर्षं झाली आणि आम्हाला विचारलं जात होतं, सगळ्याच उतरणार का. आम्ही म्हटलं, हो, सगळ्याच. आणि विहीर सोडली. दुसरी मिळायला तीन आठवडे गेले.

आम्हाला शिकवलं आमच्यातल्याच एका मावशीनं. वय चौसष्ट. भाजी विकतात. लहानपणी त्या भावांबरोबर कृष्णेत पोहायच्या. सुका भोपळा पाठीला बांधून शिकल्या आणि पुढे भोपळ्याशिवाय ऐलतीर-पैलतीर करायच्या, असं त्या सांगत. मग? "मग न्हाण आलं आणि नदी बंद झाली." बस, एवढंच. पन्नास वर्षं ही बाई त्याच नदीकाठी राहिली, त्याच नदीचं पाणी प्यायली, आणि नदीत उतरली नाही. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर त्या बराच वेळ बसून राहिल्या. मला वाटलं विसरल्या असतील. त्यांनी पदर खोचला, काष्टा घट्ट केला आणि आवाज न करता पाण्यात सरकल्या. मावशी काहीही विसरलेल्या नव्हत्या.

मे महिन्याच्या शेवटी अकरा जणींना तरंगता यायला लागलं, सहा जणींना विहिरीचा फेरा मारता यायला लागला. मग एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, आता एकदा वाहत्या पाण्यात जायचं, गावापासून लांब, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. दूधसागरचं नाव निघालं, कारण एकीचा भाऊ रेल्वेत आहे आणि तिनं तो धबधबा फोटोत पाहिला होता.

दूधसागर गोव्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात. मांडवीची एक उपनदी तिथे सुमारे ३१० मीटरवरून टप्प्याटप्प्यानं खाली येते आणि मधूनच रेल्वेचा पूल जातो. मिरजेहून गाडीत बसलं की लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरून कुळ्याला पोचता येतं. खर्चासाठी आम्ही वर्षभर आठवड्याला वीस रुपये वेगळे टाकले होते. कर्जाच्या हिशेबात नाही, बचतीच्याही नाही. वहीत त्या रकान्याला काय नाव द्यायचं यावर वाद झाला. शेवटी 'स्वतःसाठी' असं लिहिलं.

परवानग्यांची कहाणी सांगत बसत नाही, तुम्हाला ती पाठ आहे. देवदर्शनाला जाते म्हटलं असतं तर एका दिवसात सगळ्यांना सोडलं असतं. 'धबधब्यावर जाते' म्हटल्यावर प्रत्येक घरात एकच प्रश्न आला, "तिथं काय आहे?" दोघींनी घरी शिबिर आहे असं सांगितलं. मी त्यांना अडवलं नाही. आपणही प्रायोजकांना पाठवलेल्या अहवालात सहलीला 'क्षमता बांधणी' म्हणतोच की.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही वीस जणी निघालो. कॅसलरॉक सोडल्यावर बोगदे सुरू झाले आणि एका बोगद्यातून बाहेर पडताच खिडकीत तो उभा राहिला. पांढरा, उंच, आणि इतका जवळ की तुषार आत आले. सगळ्या एका बाजूला धावल्या. साठीच्या बायका खिडकीच्या गजाला गाल लावून उभ्या होत्या. गाडी गेली, धबधबा गेला, तरी कुणी जागेवर बसेना.

राष्ट्रीय उद्यानाच्या आत वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही उद्यानाच्या हद्दीबाहेर, कुळ्याजवळ एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाच तंबू लावले होते. स्वयंपाक त्या घरातल्या बाईनं पैसे घेऊन करायचा असं ठरलं होतं. आमचा नियम एकच होता, दोन दिवस कुणी कुणाला वाढायचं नाही. ताट घ्यायचं, आपापलं जेवायचं, आपलं ताट धुवायचं आणि बसायचं. हा नियम पाळणं पोहायला शिकण्यापेक्षा अवघड गेलं. एक जण तीनदा उठली, आमटी वाढायला. दुसरी सगळ्यांची भांडी गोळा करायला लागली. हात रिकामे ठेवायला आम्हाला दोन जेवणं लागली.

सरकारचीच आकडेवारी आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषाचे ९७. आणि ही बरोबरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. कारण अशी कामं करणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस, बायका एक्क्याऐंशी. आपण या पाच तासांबद्दल पुष्कळ बोललो आहोत. मजुरीबद्दल बोललो, मान्यतेबद्दल बोललो. पण ते पाच तास सुटले तर बाईनं त्यांचं काय करायचं, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आपलं उत्तर तयार असतं, प्रशिक्षण घ्यावं, बैठकीला यावं, उद्योग करावा. म्हणजे पुन्हा कामच.

समाजकार्य शिकताना मला खेळ, गाणी, सहल ही गटकार्याची साधनं म्हणून शिकवली गेली. साधनं, म्हणजे गट बांधण्यासाठी, नेतृत्व वाढवण्यासाठी. त्या रात्री कुळागरात मला पहिल्यांदा वाटलं, हे साधन कशाला असायला हवं? मजा हीच गोष्ट बाईच्या वाट्याला आली तर बिघडलं कुठे? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच विचारलं आहे. बाईला घराबाहेर पडायला कायम काही ना काही कारण का लागावं? शहराचा प्रश्न आहे तसा तो नदीचा आहे, डोंगराचाही आहे.

झोपताना एक जण म्हणाली, "आज पहिल्यांदा दाराला कडी न लावता झोपते आहे." तंबूला चेन असते, कडी नसते. तिच्या घरी कडी कशासाठी असते, ते गटाला माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. बाहेर रातकिडे होते आणि लांबून मालगाडी घाट चढत होती.

जेवण करणारी ती बाई, तिला आम्ही वहिनी म्हणायला लागलो होतो, तिला मी विचारलं, तुम्ही कितीदा गेलात धबधब्यावर? ती म्हणाली, "हांव केन्नाच वचूंक ना." कधीच नाही. धबधब्याला जाणाऱ्या लोकांना जेवू घालण्यात तिची वर्षं गेली. जीपमध्ये सात जण बसतात. तीन जीप म्हणजे एकवीस जागा, आम्ही वीस. एकविसावी जागा तिला दिली. तिनं सासूला विचारलं, नवऱ्याला विचारलं, आणि पहाटे उठून आमचा नाश्ता करून मग आली. तो करू नका म्हणून आम्ही सांगितलं होतं.

कुळ्याहून जीपचा रस्ता जंगलातून जातो, वाटेत ओढ्याचं पाणी ओलांडतो. शेवटी उतरून मोठमोठ्या दगडांवरून चालावं लागतं. पायाखाली मुळं, शेवाळ, वर माकडं, हातात खाऊ दिसला की झडप घालणारी. रुळांवरून चालत जाणारे लोकही पुष्कळ असतात. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये बंदी मोडून तसे गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पावसाळ्यात जाऊ नका. धाडस आणि बेफिकिरी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाईच्या बेफिकिरीची किंमत तिच्यानंतरच्या दहा जणींना मोजावी लागते. "बघा, म्हणून सोडत नाही," हे वाक्य तयारच असतं.

वाटेत आमच्या जीपवाल्या दादानं दूधसागरची गोष्ट सांगितली. तिथे पूर्वी एक राजकन्या तळ्यात आंघोळ करायची आणि आंघोळीनंतर सोन्याच्या भांड्यातून गोड दूध प्यायची. एक दिवस झाडीतून एक राजपुत्र तिच्याकडे पाहत उभा राहिला. तिला लाज वाटली. तिनं भांड्यातलं दूध समोर ओतलं, त्याचा पडदा झाला, आणि त्या आडोशाला तिनं कपडे घातले. तेच दूध अजून वाहतं आहे. गोष्ट सुंदर आहे. गाडीतल्या सगळ्या गप्प झाल्या. मग मागून मावशींचा आवाज आला, "आणि त्या राजपुत्राला कुणी विचारलं नाही का, तू इथं काय करतोस म्हणून?"

दादा हसला. आम्ही पण हसलो. पण तासाभरानं तोच प्रश्न आमच्यावर आला.

पाण्यात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरू देत नाहीत. मावशी त्यावर चिडल्या होत्या, "मला काय बुडवायला आणलंय?" पण घातलं. थंडगार पाणी, तळाशी दगड, पायांना टोचणारे मासे, आणि समोर तो सगळा आवाज. ज्यांना पोहता येत होतं त्या पुढे गेल्या, बाकीच्या काठाच्या दगडाला धरून. वहिनी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कुणीतरी हात धरला आणि ती गळ्यापर्यंत आली. मी तिचं तोंड पाहत होते. भीती होती, आणि भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याला मला शब्द सापडत नाही. मावशी पाठीवर तरंगत आभाळाकडे बघत होत्या. चौसष्ट वर्षांची बाई, दोन्ही हात पसरून, काहीही न करता.

तेवढ्यात दगडांवर चार-पाच तरुण मोबाइल धरून उभे दिसले. धबधब्याचं चित्रण नव्हतं ते. भिजलेल्या बायकांचं होतं. आमच्या काही जणी लगेच पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्या. म्हणजे आपापला दुधाचा पडदा. एक क्षण मीही तेच केलं. मग मावशी पाण्याबाहेर आल्या. निथळत, नऊवारीचा काष्टा पोटऱ्यांना चिकटलेला, अंगावर केशरी जॅकेट, आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काय काढताय? दाखवा." मागून आम्ही आठ-दहा जणी गेलो. आरडाओरडा केला नाही. पुसा म्हटलं. त्यांनी पुसलं. मी तिथल्या रक्षकाला बोलावलं, त्यानं त्यांना पुढे पाठवलं.

कायद्याबद्दल दोन वाक्यं सांगते, कारण हे पुन्हा घडणार आहे. बाईला चोरून पाहणं, तिच्या खासगी क्षणाचं चित्रण करणं हा २०१३ च्या दुरुस्तीनं वेगळा गुन्हा झाला. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. उघड्या जागी ते दर वेळी लागेलच असं नाही. पण बाईचा अपमान करण्याच्या हेतूनं तिच्या खासगीपणात घुसणं कलम ७९ मध्ये येतं. कपडे बदलताना कुणी चित्रण केलं तर ७७ नक्की सांगा. आम्ही कपडे बदलायला चार साड्या नेल्या होत्या. चौघींनी चार टोकं धरायची, पाठ आत आणि तोंड बाहेर. तोही पडदाच, पण तो आमचा आम्ही धरलेला होता, आणि धरणाऱ्या बाहेर बघत होत्या.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. आता माझी चूक सांगते.

परतताना गाडीत मी एक फोटो आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. सगळ्या पाण्यात, हसणाऱ्या, केस मोकळे. चेहरे स्पष्ट. कुणाला विचारलं नाही. आनंदात होते. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावात फिरत होता. कसा गेला, कुणी पाठवला, ते शोधण्यात अर्थ नाही, पहिल्यांदा तो मी पाठवला होता. ज्या दोघींनी घरी शिबिर सांगितलं होतं त्यातली एक त्या फोटोत पुढे होती. मिरजेला उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत ती गात होती. चौथ्या दिवशी ती बैठकीला आली नाही. आम्ही घरी गेलो तर दीर दारात. तिला मारलं होतं. तिचं बचत गटाचं पुस्तक नवऱ्यानं परत पाठवलं.

परक्या पोरांचे मोबाइल तपासणारी मी, माझा स्वतःचा मोबाइल मी तपासला नव्हता. आपण कार्यकर्त्यांना फोटोची फार घाई असते. अहवालाला लागतो, बातमीला लागतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही लागतो, आपण काही केलं याचा पुरावा म्हणून. धोका मात्र जिचा चेहरा असतो तिला.

पाच महिने लागले. तक्रार करायची का, हे तिला विचारलं, ती नाही म्हणाली. आम्ही तिच्या नकाराचा मान ठेवला, पण येणं-जाणं तोडलं नाही. मावशी रोज भाजी द्यायच्या निमित्तानं तिच्या दारावर थांबायच्या. एप्रिलमध्ये ती बैठकीला आली. पुस्तक पुन्हा सुरू झालं. घरात तिचं स्थान पूर्वीसारखं झालेलं नाही, हे तिनंच सांगितलं. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "फोटो काढू नका. पण पुढच्या वेळी मला सोडून जाऊ पण नका." तिची धाकटी मुलगी आता रविवारी विहिरीवर येते. बाप नाही म्हणालेला नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी आमचे अनुभव सांगते. सहावारी साडी पाण्यात पायांना गुंडाळते, ती नको. काष्टा चालतो, सलवार-टीशर्ट त्याहून बरं, ओढणी काठावर. पाच जणींमागे पोहणारी एक ठेवा आणि तिनं बाकी काही करायचं नाही, फक्त बघायचं. पाळी आलेल्या बाईनं उतरायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं, गटानं नाही. शौचालय कुठे आहे ते आधी पाहा, नाहीतर बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. जंगल ज्यांचं रोजचं आहे, त्या गावातल्या बायकांना बरोबर घ्या आणि त्यांच्या कामाचे पैसे चोख द्या. आणि फोटोचा निर्णय निघण्यापूर्वी, सगळ्यांनी मिळून.

आणि ते जंगल राहिलं पाहिजे, हेही आपलंच काम आहे. २०२० मध्ये मोलेतून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि विजेची मोठी वाहिनी नेण्याच्या योजनांविरुद्ध गोव्यात लोक उभे राहिले. त्यात तरुण मुली मोठ्या संख्येनं होत्या. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. त्या मुली उभ्या राहिल्या नसत्या तर आमच्या खिडकीत आलेलं ते दृश्य तसंच राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आता मागण्या. नगरपालिकांच्या तलावांवर बायकांसाठी सकाळची किंवा संध्याकाळची वेळ, स्त्री प्रशिक्षक, आणि अंगभर पोहण्याच्या कपड्यांना मुभा. नदीकाठच्या प्रत्येक गावात पावसाळ्याआधी मुलींना पोहण्याचं शिक्षण, शाळेमार्फत, न्हाण आल्यावरही न थांबणारं. पर्यटनाच्या ठिकाणी कपडे बदलायला खोल्या आणि स्त्री जीवरक्षक. आणि आपल्या संघटनांकडे माझी एक मागणी आहे. वर्षाच्या अंदाजपत्रकात एक ओळ सहलीसाठी ठेवा, आणि तिला सहलच म्हणा.

येत्या उन्हाळ्याला वेळ आहे. घरी गेल्यावर आपल्या गावात पायऱ्यांची विहीर कुठे आहे ते बघून ठेवा. आणि गावात एखादी म्हातारी असेल, जिला लहानपणी पोहता येत होतं. नक्की असेल. तिला विचारा. कुणी विचारलेलं नाही, म्हणून तिनं सांगितलेलं नाही.